पोट कशानं भरावं : कंद-धान्यानं की फळांनी?

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. प्राणिज काही खायचं नाही, हे या सगळ्यांनी ठरवलेलं आहे. वाद आहे तो पोट कशानं भरायचं यावर. एका बाजूला भात, बटाटा, रताळं, मका, ओट आणि डाळी. दुसऱ्या बाजूला केळी, खजूर, संत्री, सफरचंदं. मी रुग्णालयाच्या आहार विभागात २६ वर्षं काढली आहेत, आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी ११ आठवडे निव्वळ फळांवर राहिलेही आहे. त्यामुळे या पत्रांना दोन ओळींचं उत्तर देऊन मोकळं होणं मला जमणार नाही.

प्रश्न : ताई, माझं वय ३८. सात आठवड्यांपूर्वी मी शिजवलेलं अन्न सोडलं. सकाळी संत्री किंवा कलिंगड, दुपारी सात-आठ केळी, रात्री खजूर आणि सफरचंद. ह्यांनी त्याच दिवसापासून दूध आणि तेल बंद करून बटाटा, भात, डाळ, भाजी असं सुरू केलं. वजन दोघांचंही उतरलं. माझं ६ किलो, ह्यांचं ३. पहिले पंधरा दिवस मला फार हलकं वाटत होतं. आता रात्री पाय गार पडतात, गार पाणी दातांना झोंबतं आणि या महिन्यात पाळी आलेली नाही. मी ज्यांचं ऐकते ते म्हणतात की शरीर शुद्ध होत असल्याची ही लक्षणं आहेत. ह्यांचं म्हणणं, पिष्टमय अन्न हेच माणसाचं खरं अन्न. पण माणूस मुळात फळं खाणारा प्राणी आहे ना? आमच्यात बरोबर कोण?

उत्तर : आधी पाळीचं बोलू. बाकीचा वाद चार दिवस थांबला तरी चालेल, हे थांबायला नको. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. गर्भधारणेची चाचणी हवीच, शिवाय हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. सात आठवड्यांत काय खाल्लं ते डॉक्टरांना खरं खरं सांगा, लपवू नका. पाळी थांबणं म्हणजे शुद्धी नव्हे. अन्नातून पुरेशी ऊर्जा येत नाही असं दिसलं की शरीर ज्या कामांवाचून जीव जात नाही ती कामं आधी आवरतं घेतं. प्रजनन हे त्यातलं पहिलं, अंगात ऊब राखणं हे दुसरं. गार पाय आणि चुकलेली पाळी या दोन्ही गोष्टी एकाच कपातीतून आलेल्या असू शकतात.

कच्च्या आहारावर राहणाऱ्या ५१३ जणांचा एक जर्मन अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४५ वर्षांखालच्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा पूर्ण थांबली होती. खाण्यात कच्च्याचा वाटा जितका मोठा, तितकं वजन कमी, असंही त्यात दिसलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका जर्मन अभ्यासात कच्चं खाणाऱ्या १३० जणांचे दात तपासले होते आणि त्यांच्या खाण्यात बहुतांश फळंच होती. निदान एक तरी दात फार झिजलेला आहे अशांचं प्रमाण त्यांच्यात ६०.५ टक्के होतं, तर नेहमीचं जेवणाऱ्यांत ३१.६ टक्के. संत्री, अननस, द्राक्षं दिवसातून पाच-सहा वेळा खाल्ली की दाताच्या कवचाला आम्लातून सावरायला फुरसतच मिळत नाही. तुमच्या दातांना गार पाणी झोंबतं त्याचं कारण बहुधा हेच. फळ खाल्ल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा आणि लगेच ब्रश करू नका. आम्लानं मऊ झालेलं कवच ब्रशनं आणखी निघतं, म्हणून निदान अर्धा तास जाऊ द्या.

तुमचं पत्र वाचताना मला माझी जुनी वही आठवली. त्या ११ आठवड्यांत मी प्रत्येक फळ विभागातल्या काट्यावर तोलून लिहून ठेवत असे. नवव्या दिवशी लिहिलं आहे : झोप छान, डोकं एकदम स्वच्छ. तेविसाव्या दिवशी : दुपारी तीनला हात थरथरले, चार खजूर खाल्ल्यावर थांबले. एक्केचाळिसाव्या दिवशी : दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मांड्या भरून आल्या. साठाव्या दिवसाच्या पानावर फक्त दंतवैद्यांच्या भेटीची वेळ आहे. माझीही पाळी दोनदा चुकली होती. मी ते कुणाला सांगितलं नाही, कारण वॉर्डात दिवसभर इतरांना जेवणाचं सांगणाऱ्या बाईनं स्वतःबद्दल असं कसं सांगायचं, हा संकोच होता. तो संकोच तुम्ही करू नका, म्हणूनच हे इथे लिहिते आहे.

तुम्हाला पंधरा दिवस हलकं वाटलं ते खोटं नव्हतं. मीठ जवळपास बंद झालं की अंगात साठलेलं पाणी उतरतं. तळलेलं आणि पाकीटबंद सुटलेलं असतं, तंतुमय पदार्थ वाढल्यानं पोट साफ राहतं. ही सगळी खरी कमाई आहे. फक्त ती काय सोडल्यामुळे झाली आणि काय धरल्यामुळे झाली, हे वेगळं करून पाहायला हवं.

आता हिशेब. तुम्हाला दिवसाला २००० कॅलरी लागतात असं धरू. तुमचं वजन पत्रात नाही, मी ६० किलो धरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानं प्रौढ माणसाला दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे तुम्हाला ५० ग्रॅम. २००० कॅलरी नुसत्या सफरचंदांतून घ्यायच्या तर जवळपास पावणेचार किलो सफरचंदं खावी लागतील, आणि प्रथिनं मिळतील जेमतेम ११ ग्रॅम. केळ्यांतून घ्यायच्या तर सोललेली सव्वादोन किलो, प्रथिनं २५ ग्रॅम. उकडलेला बटाटा २ किलो ३०० ग्रॅम, प्रथिनं ४३ ग्रॅम. शिजलेला भात दीड किलो, प्रथिनं ४१ ग्रॅम. आता एक किलो भाताबरोबर ४०० ग्रॅम शिजवलेली मसूर ठेवा. १७६० कॅलरींत ६३ ग्रॅम प्रथिनं होतात आणि भाजीला जागा उरते. तुमच्या ह्यांचं जेवण साधारण असंच आहे. म्हणून ह्यांचं वजन सावकाश उतरलं आणि तुमचं भराभर. तुमच्या ६ किलोंत चरबीबरोबर स्नायूही गेले असणार, मांड्यांना विचारा.

प्रथिनांसारखंच जस्ताचं. १०० ग्रॅम केळ्यात ते ०.१५ मिलिग्रॅम असतं, तितक्याच शिजलेल्या मसुरीत सुमारे १.३. केस, जखमा भरणं, जिभेची चव हे सगळं जस्तावर चालतं. रोज सव्वादोन किलो केळी खाऊनही ते साडेतीन मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही.

माणूस मुळात फळं खाणारा का, हा तुमचा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण त्याचं उत्तर शरीरातच लिहिलेलं आहे, आणि ते एक नाही, दोन आहेत. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतः बनवतात. आपल्या वानर पूर्वजांनी ही क्षमता कोट्यवधी वर्षांपूर्वी गमावली. खाण्यात फळं आणि पाला भरपूर असल्याशिवाय ते तगले नसते. म्हणजे फळांशी आपलं नातं फार जुनं आहे, यात तुम्ही बरोबर. पण लाळेत स्टार्च, म्हणजे पिष्ट, फोडणारं अमायलेज हे द्रव्य असतं. चिंपांझीत ते बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, माणसात सरासरी सहाच्या आसपास. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं की ज्या समाजांच्या खाण्यात पिष्ट जास्त, त्यांच्यात या प्रतीही जास्त. कंद आणि दाणे खाण्याची तयारी आपल्या तोंडातच झालेली आहे. यात तुमचे यजमान बरोबर. शिवाय आज बाजारात मिळणारं केळं आणि सफरचंद हे माणसानं निवडून निवडून गोड आणि गरदार केलेलं फळ आहे. रानातलं फळ लहान, बियांनी भरलेलं, तुरट असतं.

फळांच्या बाजूनं बोलणारा एक चांगला प्रयोगही आहे, तो तुमच्यापासून लपवणं योग्य होणार नाही. ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे अन्नानं रक्तातली साखर किती वेगानं चढते त्याचा आकडा, ही कल्पना मांडणारे टोरांटोचे डेव्हिड जेंकिन्स यांनी २००१ मध्ये तीन आहार समोरासमोर ठेवले : फळं, भाज्या आणि सुका मेवा असा एक, धान्य आणि कडधान्यांचा पिष्टप्रधान दुसरा, आणि कमी चरबीचा नेहमीचा तिसरा. १० निरोगी माणसं, प्रत्येक आहार दोन आठवडे. वाईट कोलेस्टेरॉल सगळ्यांत जास्त, ३३ टक्के, उतरलं ते पहिल्या आहारात. पण तिथे काय होतं ते नीट पाहा. ढीगभर भाज्या होत्या आणि सुका मेवा होता, म्हणजे प्रथिनं, जस्त आणि चांगली चरबी. नुसती केळी-खजूर नव्हते. आणि प्रयोग दोन आठवड्यांचा होता. दोन आठवड्यांपर्यंत माझ्या वहीतही सगळं छानच लिहिलेलं आहे.

आता ह्यांनाही थोडं सांगायचं आहे, कारण पिष्ट म्हटलं की सगळं निभावलं असं नाही. १७४७ मध्ये जेम्स लिंड या वैद्यानं सॅलिस्बरी नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवर स्कर्व्हीनं, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या आजारानं, पडलेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या. सगळ्यांचं जेवण एकसारखं, पण प्रत्येक जोडीला उपाय वेगळा. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं ते सहा दिवसांत सावरले, एक तर कामावर परतला. खलाशांचं पोट बिस्किटांनी भरत होतं. पिष्ट भरपूर होतं, क जीवनसत्त्व नव्हतं. पुढे १८९० च्या दशकात जावामध्ये क्रिस्तियान आइकमान यांना दिसलं की कोंडा काढून पांढऱ्याशुभ्र केलेल्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. बेरीबेरीचं, म्हणजे माणसांतल्या तशाच पाय लुळे पाडणाऱ्या आजाराचं, मूळ अशा रीतीनं सापडलं. त्याबद्दल त्यांना १९२९ चं नोबेल मिळालं. म्हणून ह्यांना सांगा, तांदूळ शक्यतो कोंड्यासकट, बटाटा सालीसकट, आणि ताटात डाळ रोज हवी. जपानमधल्या ओकिनावा बेटाच्या १९४९ च्या नोंदी पाहिल्या तर तिथल्या लोकांच्या ६९ टक्के कॅलरी रताळ्यांतून येत होत्या, फळांतून एक टक्कासुद्धा नाही, आणि तीच पिढी पुढे दीर्घायुष्यासाठी जगभर ओळखली गेली. पण रताळ्याबरोबर त्यांच्याकडे सोयाबीन आणि भाज्या होत्या, थोडे मासेही होते. रताळं एकटं नव्हतं.

तेल पूर्ण बंद केलं असेल तर ह्यांनी मूठभर अक्रोड किंवा चमचाभर कुटलेली जवस तरी घ्यावी. रताळ्यातलं आणि गाजरातलं बीटा-कॅरोटीन, ज्यापासून अ जीवनसत्त्व बनतं ते, शरीरात जायला थोडी चरबी लागते. आणि कॅल्शियम दोघांकडेही कमी आहे. ते ना केळ्यात पुरेसं, ना बटाट्यात. पालेभाजी वाढवा.

बी-१२ बद्दल दोघांना एकच सांगणं. ते जिवाणू बनवतात. फळात, कंदात, धान्यात ते नसतं. मघाच्या जर्मनीतच २०१ कच्चं खाणाऱ्यांपैकी ३८ टक्के लोकांत त्याची कमतरता आढळली होती. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून सुरुवातीला काही जाणवत नाही. त्यात फळं-भाज्यांमधलं फॉलेट रक्तक्षय झाकून ठेवतं, आणि मज्जातंतूंचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं. तळपायांना मुंग्या येईपर्यंत वाट पाहू नका. तुमची तपासणी झाली की दोघांनी गोळी सुरू करा.

तुमच्या वादावर माझं मत विचाराल तर, पोट भरण्याचं काम ह्यांच्या ताटानं करावं आणि त्या ताटाला कामाला लावण्याचं काम तुमच्या फळांनी. डाळीत आणि धान्यात लोह असतं, पण त्यांच्यातल्याच फायटेट नावाच्या द्रव्यामुळे ते अडकून पडतं. त्याच जेवणात संत्रं, पेरू किंवा लिंबू असलं की क जीवनसत्त्व ते लोह सोडवून शरीरात जाऊ देतं. दोघांची पानं तुम्ही वेगळी केलीत म्हणून दोघांचंही नुकसान झालं. उद्यापासून दुपारी भात-मसूर, सोबत पालेभाजी आणि एक संत्रं. सात आठवडे पोटाला डाळीची सवय नाही, तेव्हा पहिला आठवडा अर्धी वाटी मऊ शिजवलेली मसूर पुरे, मग वाढवा. केळी सोडायची नाहीत. दोन खा, सकाळी, ओटबरोबर.

प्रश्न : वय ५४, मधुमेह ९ वर्षं, रोज दोन प्रकारच्या गोळ्या. एक जण सांगतो फळांत साखर आहे, हातही लावू नका. दुसरा सांगतो भात-बटाट्याचीच साखर होते. मग मी खायचं तरी काय? शिवाय मुलगा आता सगळ्या घरालाच शाकाहाराच्या पुढे, दूधही नको, अशा आहाराकडे नेतो आहे.

उत्तर : मुलाला तसं करू द्या, पण तुमच्या गोळ्यांचं आधी पाहा. गोळ्यांपैकी एखादी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी असेल, आणि आहार अचानक बदलला, तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. म्हणून आहार बदलण्याआधी डॉक्टरांना भेटा आणि पहिले दोन आठवडे घरी रोज साखर मोजा. दुसरी गोळी मेटफॉर्मिन असेल तर ती बी-१२ कमी करते, हेही त्यांना विचारा.

आता खाण्याचं. दोघंही अर्धं खरं सांगत आहेत. १९७७ चा एक साधा प्रयोग मला फार शिकवून गेला. १० जणांना एकदा अख्खी सफरचंदं, एकदा त्यांचाच लगदा, एकदा रस दिला. साखर तिन्हींत तेवढीच. रस अख्ख्या सफरचंदांपेक्षा ११ पट लवकर पिऊन झाला, रसानंतर इन्सुलिन जास्त उसळलं, साखर पुढे खाली आपटली, आणि भूकही आधी लागली. सफरचंद तेच, दातांनी करायचं काम तेवढं यंत्रानं केलं. तेव्हा फळ खायचं ते चावून. रस नाही, घरी काढलेलासुद्धा नाही.

अख्ख्या फळाला भिऊ नका. डेन्मार्कमध्ये नव्यानं मधुमेह झालेल्या ६३ जणांपैकी अर्ध्यांना रोज निदान दोन फळं खायला सांगितलं, अर्ध्यांना जास्तीत जास्त दोन. १२ आठवड्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, म्हणजे एचबीए१सीमध्ये, दोन्ही गटांत फरक नव्हता. हा २०१३ चा अभ्यास आहे. पण दोन-तीन फळं वेगळी आणि फळांवरच जगणं वेगळं. खजुराची वाटी समोर घेऊन बसू नका.

पिष्टाचं म्हणाल तर सगळं पिष्ट सारखं नाही. साखर किती वेगानं चढते त्याचा आकडा ग्लूकोजला १०० धरून काढतात. उकडलेला बटाटा ७८, पाकिटातल्या भुकटीचा झटपट लगदा ८७, पांढरा भात ७३, मसूर ३२. कलिंगड ७६, केळं ५१, संत्रं ४३, सफरचंद ३६. बघा, बटाटा आणि कलिंगड शेजारी आले, मसूर आणि सफरचंद शेजारी. तेव्हा फळ की पिष्ट असा प्रश्न तुमच्यासाठी नाहीच. तुमच्या ताटाचा मोठा भाग डाळी आणि कडधान्यांचा हवा, भात त्याच्यापेक्षा कमी. बटाटा उकडून गार केला की त्यातलं थोडं स्टार्च न पचणाऱ्या रूपात जातं आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न होतं. तो दुसऱ्या दिवशी कोशिंबिरीत घाला, भरपूर काकडी-टोमॅटोबरोबर.

मुलाच्या विचाराला पाठिंबा देणारा एक आकडा. कमी चरबीच्या पूर्ण वनस्पतिजन्य आहाराची, म्हणजे धान्य, कडधान्य, भाज्या, फळं यांची, तुलना मधुमेहाच्या प्रचलित आहाराशी ९९ जणांवर २२ आठवडे केली होती. २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पहिल्या गटातल्या ४३ टक्के लोकांच्या गोळ्या कमी झाल्या, दुसऱ्यातल्या २६ टक्के लोकांच्या. तुमच्याही कमी होऊ शकतात. त्या डॉक्टर कमी करतील, तुम्ही नाही.

प्रश्न : मी २१ वर्षांचा विद्यार्थी आहे. खोलीवर एकटा राहतो, स्वयंपाक जमत नाही. महिनाभर फक्त उकडलेले बटाटे खाल्ले तर चालेल का? की फक्त केळी सोपी पडतील?

उत्तर : दोन्हींत निवडायचंच असेल तर बटाटे. १९२८ मध्ये कोन आणि क्लाइन या दोघांनी लिहून ठेवलेला एक प्रयोग आहे. २५ वर्षांचा पुरुष आणि २८ वर्षांची स्त्री १६७ दिवस बटाट्यांवर राहिले. वर चरबी वेगळी होती, पण प्रथिनं जवळजवळ सगळी बटाट्यातली. तब्येत चांगली राहिली, आणि त्या दोघांना बटाट्याचा कंटाळाही आला नाही असं त्यात नोंदवलं आहे. पोट भरण्यातही बटाटा पुढे. सिडनीला १९९५ मध्ये ३८ पदार्थ तोलून पाहिले, पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले, सगळ्यांत जास्त. संत्र्याला २०२, केळ्याला ११८.

तरीही महिनाभर एकच पदार्थ खाऊ नकोस, बाळा. बटाटे उकडायला ठेवतोस त्याच भांड्यात मूठभर मसूर टाक. भिजवावी लागत नाही, पंचवीस मिनिटांत शिजते. वर टोमॅटो चिरून घाल, लिंबू पिळ, मीठ घाल. याला स्वयंपाक येणं लागत नाही. केळी न्याहारीला ठेव. हिरवे पडलेले किंवा कोंब फुटलेले बटाटे मात्र टाकून दे, त्यात सोलॅनिन हे विष वाढलेलं असतं.

प्रश्न : माझी मुलगी पावणेदोन वर्षांची आहे. तिला फळंच आवडतात, बाकी सगळं थुंकते. आम्ही दोघंही फळांवर आहोत. तिलाही तसंच वाढवलं तर?

उत्तर : नाही. या एका उत्तरात मी कुठलीही सूट देणार नाही. तुम्ही दोघं वाढून झालेली माणसं आहात, तिचा मेंदू अजून घडतो आहे. तिचं पोट लहान आहे आणि फळांत पाणी फार. पोट आधी भरतं, प्रथिनं, लोह, जस्त नंतर यायचे ते येतच नाहीत. नुसतं पिष्टही तिला पुरणार नाही. सिसली विल्यम्स या डॉक्टर १९३० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेत काम करत होत्या. आईचं दूध तुटल्यावर मक्याच्या पेजेवर वाढणारी मुलं त्यांच्याकडे येत : पाय सुजलेले, कातडी सोललेली, केसांचा रंग उडालेला. त्या आजाराला तिथलं नाव होतं क्वाशिओरकोर. पोट भरलेलं होतं त्या मुलांचं.

तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या, वजन-उंची तक्त्यावर मांडून घ्या, बी-१२ आणि लोहाचे थेंब त्यांना विचारून सुरू करा. घरी तिचं आवडतं केळं कुस्करा आणि त्यात मऊ शिजवलेली डाळ चमचाभर मिसळा, दुसऱ्या आठवड्यात दोन चमचे. शेंगदाण्याचं किंवा तिळाचं मऊ बटर पातळ थरात चालेल, अख्खे दाणे नकोत, घशात अडकतात. थुंकली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर ठेवा. नवी चव मुलाला आवडायला दहा-पंधरा वेळा चाखावी लागते. आणि जेवताना ती तुमच्या ताटाकडे बघत असते. तिथे डाळ दिसली पाहिजे.

प्रश्न : वय ६७. क्रिएटिनिन वाढलंय. पोटॅशियम चांगलं म्हणून केळी आणि खजूर वाढवले. बरोबर केलं ना?

उत्तर : आजच थांबवा. निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशियम बाहेर टाकतं. क्रिएटिनिन वाढलंय म्हणजे तुमच्या मूत्रपिंडाचं ते काम मंदावलेलं असू शकतं, आणि रक्तात पोटॅशियम चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. १०० ग्रॅम केळ्यात ते ३५८ मिलिग्रॅम असतं, मोठ्या मऊ खजुरात जवळपास ७००, सफरचंदात १०७, शिजलेल्या भातात ३५. बटाट्यातही भरपूर असतं, तो सोलून, लहान तुकडे करून, भरपूर पाण्यात उकडा आणि पाणी टाकून द्या. इतर वाचकांना साल ठेवा म्हणाले, तुम्हाला काढा म्हणते आहे. भात आणि फळं याच जोडीवर १९३९ पासून अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांवर उपचार केले, मीठ जवळपास शून्य आणि प्रथिनं दिवसाला २० ग्रॅमच्या आसपास. त्यांच्या रुग्णांच्या लघवीची आणि रक्ताची तपासणी सतत चालू असे, ते घरी करायचं काम नाही. उद्या सकाळी पोटॅशियमची रक्ततपासणी करून घ्या आणि निकाल घेऊन मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जा. छातीत धडधड किंवा पायांत अशक्तपणा वाटला तर उद्याची वाट न पाहता आजच रुग्णालयात.